उंची आणि उतार : मुळशीच्या पाण्याचा शतकभराचा हिशेब

ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाला समुद्र गाठायला दोन वाटा आहेत. पाणलोटाच्या पूर्वेला पडलेला थेंब निळा किंवा मुळेच्या खोऱ्यात येतो, पुण्यात मुठेला मिळतो, पुढे भीमा, मग कृष्णा, आणि बाराशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोचतो. हातभर पश्चिमेला पडलेला थेंब कडा उतरून कोकणात जातो आणि कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीला शंभर किलोमीटरच्या आत मिळतो. दोघांची सुरुवात एकाच उंचीवर आणि शेवट एकाच पातळीवर. पण पूर्वेच्या वाटेवर सरासरी उतार किलोमीटरमागे अर्धा मीटरसुद्धा भरत नाही. पश्चिमेला मात्र घाटाच्या त्या एका टप्प्यात दोन-चार किलोमीटरांत पाचशे मीटरची घसरण आहे.

याच खोऱ्यातल्या मुळशीच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासाचा पाया या फरकात आहे. धरण, सत्याग्रह, घाटाखालच्या भिऱ्याचे वीजघर आणि मुंबईकडे धावणाऱ्या उच्च दाबाच्या तारा, हे सगळे त्यावरच उभे राहिले. बारावीच्या पदार्थविज्ञानात ‘विद्युत विभवावरून विद्युत क्षेत्र काढा’ असा प्रश्न येतो, तेव्हा विद्यार्थ्याकडून नेमकी हीच गोष्ट अपेक्षित असते : एखादी जागा किती उंच आहे हे सोडून तिथे उतार किती आणि कोणत्या दिशेला आहे, हे सांगणे.

घाटाच्या उताराकडे उद्योगाच्या नजरेने पाहायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत होत्या. कोळसा बंगालमधून किंवा परदेशातून यायचा, महाग पडायचा आणि शहरावर धूर सोडायचा. मुंबईतले वास्तुविशारद डेव्हिड गॉस्टलिंग यांनी लोणावळ्याच्या पावसाचे पाणी साठवून खाली सोडण्याची कल्पना जमशेटजी टाटांपुढे मांडली. १९०४ मध्ये जमशेटजी गेले. पुढे १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथल्या तलावांचे पाणी लोखंडी नळांतून पाचशे मीटर खाली येऊन चक्रांवर आदळू लागले. दुसरी योजना आंध्रा खोऱ्याची. तिचे भिवपुरीचे वीजघर १९२२ मध्ये चालू झाले. तिसरी मुळशीची. तिच्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी निघाली.

तिन्ही योजनांची मांडणी सारखीच आहे. घाटमाथ्याला लागून, पण पूर्वेकडे वाहणारी नदी निवडायची. तिला बांध घालून पाणी अडवायचे आणि ते पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडायचे. मुळशीच्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर. हेच पाणी मुळेतून पुण्याकडे सोडले, तर चाळीसेक किलोमीटरांत ते शंभर मीटरही उतरत नाही. भिऱ्याकडे वळवले, तर जवळजवळ पाचशे मीटरची उडी लगेच मिळते. हिशेब सोपा आहे : एक घनमीटर पाणी पाचशे मीटर खाली आले की सुमारे एकोणपन्नास लाख जूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे विजेची साधारण १.३६ युनिटे. चक्रातली आणि जनित्रातली गळती वजा केली, तरी सव्वा युनिटाच्या आसपास हाती लागते.

कोणत्याही धरणाचे पहिले काम नकाशावर होते. नदीला बांध घालायची जागा ठरते, बांधाची उंची ठरते आणि त्या उंचीची एक रेषा खोऱ्याच्या कडेकडेने आखली जाते. रेषेच्या खाली असलेले सगळे पाण्यात जाणार. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या अशा रेषांना भूगोलाच्या पुस्तकात समोच्चरेषा म्हणतात. त्यांच्या सुरुवातीच्या वापरांपैकी एक भौतिकशास्त्रीय प्रयोगात झाला. डोंगर आपल्या वस्तुमानाने ओळंब्याला बाजूला ओढतो का, हे पाहण्यासाठी १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलीन यांनी स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरावर मोजमापे घेतली. डोंगराचे आकारमान काढण्याचे किचकट काम गणिती चार्ल्स हटन यांच्याकडे आले. शेकडो बिंदूंच्या उंच्यांचा ढीग पाहून त्यांनी समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले, आणि डोंगराचा आकार कागदावर एकदम दिसू लागला. १७७८ मध्ये त्यांनी हिशेब जाहीर केला.

त्याच दशकात गणिती लाग्रांज गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवत होते. प्रत्येक बिंदूवरच्या ओढीला किंमत असते आणि दिशाही असते. अशा अनेक ओढींची बेरीज करणे त्रासाचे. लाग्रांज यांनी दाखवून दिले की अवकाशातल्या प्रत्येक बिंदूला एकच संख्या द्यावी आणि जागा बदलताना ती किती वेगाने बदलते हे पाहावे. ओढ त्यातूनच बाहेर पडते. पुढे दुसरे गणिती प्वासाँ यांनी हीच युक्ती विद्युतभारांना लावली.

या संख्येला ‘पोटेन्शियल’ हे नाव मिळाले ते १८२८ मध्ये, आणि नाव देणारा गृहस्थ विद्यापीठातला नव्हता. जॉर्ज ग्रीन हा नॉटिंगहॅमजवळच्या स्नाइंटन गावचा पवनचक्कीवाला. लहानपणी जेमतेम वर्षभर शाळा, नंतर वडिलांच्या गिरणीत काम. वीज आणि चुंबकत्व यांच्या गणितावरचा आपला निबंध त्याने वर्गणीदार गोळा करून स्वखर्चाने छापला. वर्गणीदार होते ५१, आणि त्यांच्यापैकी किती जणांना तो कळला असेल याची शंकाच आहे. १८४१ मध्ये ग्रीन वारला. चार वर्षांनी विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्या हाती निबंधाची प्रत पडली. ती त्यांनी पॅरिसला नेली, तिथल्या गणितज्ञांना दाखवली आणि एका जर्मन नियतकालिकात निबंध पुन्हा छापून आणला. मराठी पाठ्यपुस्तकातला ‘विद्युत विभव’ तो हाच.

थॉमसन यांच्यानंतर या विषयाची सूत्रे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी हाती घेतली. विजेवरचा मोठा ग्रंथ ते लिहीत होते, त्याच सुमारास, १८७० मध्ये, त्यांनी टेकड्या आणि दऱ्यांवर एक छोटा लेख प्रसिद्ध केला. समोच्चरेषा कशा वळतात, शिखरे, खिंडी आणि खोलगट जागा यांचा परस्परांशी काय संबंध असतो, पाणलोटाची सीमा नकाशावरून कशी ओळखायची, अशी त्यातली चर्चा. वरवर भूगोलाचा लेख. पण समोच्चरेषांच्या जागी समविभव रेषा आणि उताराच्या वाटांच्या जागी क्षेत्ररेषा ठेवल्या, की तोच लेख विजेचा होतो. दोन्हींचा नियम एक : पाणी समोच्चरेषेला काटकोनात उतरते, क्षेत्ररेषा समविभव रेषेला काटकोनात छेदते. जिथे रेषा दाट तिथे ओढ जास्त, जिथे विरळ तिथे कमी. आणि दिशा नेहमी वरून खाली. विभवावरून क्षेत्र काढण्याच्या सूत्रातले ऋणचिन्ह एवढेच सांगते, की विभव ज्या दिशेने वाढतो त्याच्या बरोबर उलट दिशेला क्षेत्र असते.

मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची अशा रेषेशी गाठ पडली ती पुस्तकाबाहेर. मुळशी तेव्हा हवेली तालुक्यातला पेटा, म्हणजे पोटविभाग, होता. खोरे आंबेमोहोर तांदळासाठी नावाजलेले. नदीकाठची भाताची खाचरे म्हणजे इथली सगळ्यात कसदार जमीन, आणि जलाशयाची रेषा सगळ्यात आधी तीच गिळणार होती. रेषेच्या वर उरत होते ते खडकाळ माळ, वरकस जमीन आणि जंगल. कंपनीने जमीन कायद्याने ताब्यात येण्याआधीच शेतांत चाचणीचे चर खणले. पन्नासहून जास्त गावांवर टाच येणार हे उघड झाले आणि खोरे उठले.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी धरणाच्या जागेवर सत्याग्रह सुरू झाला. पुढाऱ्यांत पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे पुढे होती. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तेव्हाची. शेतकरी कामाच्या जागी जाऊन बसत, बायका मुलांना घेऊन येत, मजुरांना काम करणे अशक्य होई. काम सहा महिने थांबवायला कंपनी तयार झाली. पावसाळ्यानंतर मात्र काम आणि सत्याग्रह दोन्ही पुन्हा सुरू झाले. अटका झाल्या, शिक्षा झाल्या. जमीन संपादनासाठी १८९४ चा कायदा वापरण्यात आला. नुकसानभरपाईच्या प्रश्नावर चळवळीत फूट पडली. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या किंवा त्यांच्याच नावावर चढल्या होत्या. ज्याच्या हातात सातबारा त्याला पैसे घेऊन मोकळे होणे परवडत होते. कुळाच्या हाती जमिनीशिवाय दुसरे काही नव्हते. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावरच्या आपल्या अभ्यासात ही तेढ तपशिलाने उलगडली आहे. धरणाविरुद्धची जगातली पहिली चळवळ असे त्यांनी तिला म्हटले.

बापट स्वतः शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेलेले. यंत्रांचे त्यांना वावडे नव्हते. त्यांचा आक्षेप होता तो शेतकऱ्याला न विचारता त्याच्या जमिनीचा सौदा करण्याला. १९२४ च्या अखेरीस, चळवळ जवळजवळ संपल्यावर, त्यांनी काही साथीदारांसह धरणाच्या कामगारांना नेणारी गाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मिळाली ती याच लढ्यात.

१९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. नकाशावरची रेषा आता पाण्याची कड झाली होती. विस्थापितांपैकी अनेक जण खोरे सोडून गेले, तर कित्येकांनी त्याच रेषेच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर घरे बांधली. शिल्लक खडकाळ जमिनीत नाचणी-वरई पिकवत त्यांच्या पुढच्या पिढ्या वाढल्या.

भिऱ्याला पाण्याची उंची खर्च झाली, म्हणजे मुळशीची गोष्ट संपली असे नाही. तिथून ती विजेच्या रूपात पुढे सरकते. वीज मुंबईपर्यंत न्यायची तर दाब वाढवावा लागतो. तेवढीच शक्ती जास्त व्होल्टवर पाठवली की प्रवाह कमी लागतो, आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून घाटातल्या वीजघरांतून निघालेल्या लाइनी एक लाख व्होल्टच्या घरातल्या होत्या. भिरा ते मुंबई ही लाइन एक लाख दहा हजार व्होल्टची. 

इथे एक प्रश्न पडतो. एक लाख दहा हजार व्होल्टची तार जमिनीपासून दहा मीटरवर आहे, तर तिच्याजवळच्या हवेवर ताण किती? घाईचे उत्तर भागाकाराचे. तीन तारांच्या लाइनीत एका तारेचे जमिनीशी विभवांतर साधारण ६३,५०० व्होल्ट. प्रत्यावर्ती प्रवाहात त्याची कमाल किंमत नव्वद हजारांच्या आसपास जाते. नव्वद हजार भागिले हजार सेंटिमीटर, म्हणजे सेंटिमीटरमागे नव्वद व्होल्ट. हवा तर सेंटिमीटरमागे तीस हजार व्होल्टपर्यंत तग धरते. मग चिंता कशाची?

हा भागाकार सरासरी उतार सांगतो, आणि सरासरी उतारात कडा दिसत नाही. मुळशी ते अरबी समुद्र असा सरासरी उतार काढला तर किलोमीटरमागे जेमतेम सहा-सात मीटर येतो. त्या आकड्यावरून भिऱ्याच्या वरचा कडा कोणाला कळणार? तारेभोवतीही विभव असाच असमान उतरतो. तारेला लागून समविभव वर्तुळे एकमेकांना चिकटलेली असतात, दूर जावे तशी विरळ होतात. तारेची त्रिज्या एक सेंटिमीटर धरली आणि इतर दोन तारांचा परिणाम बाजूला ठेवला, तर तिच्या पृष्ठभागावरचे क्षेत्र सेंटिमीटरमागे सुमारे बारा हजार व्होल्ट येते, सरासरीच्या शंभरपटीहून जास्त. तरीही हवा ते सोसते. पण पैसा वाचवायला तार एक मिलिमीटर त्रिज्येची घेतली, तर तेवढ्याच व्होल्टला पृष्ठभागावरचे क्षेत्र सेंटिमीटरमागे नव्वद हजारांवर जाते. हवा फुटते, तारेभोवती जांभळट उजेड दिसतो, चरचर आवाज येतो आणि ऊर्जा गळू लागते. इंजिनिअर याला कोरोना म्हणतात. पावसाळ्यात ओल्या तारांवर पाण्याचे थेंब टोकदार होतात, तिथे उतार आणखी वाढतो आणि चरचर जास्त ऐकू येते. व्होल्ट तेच आहेत, बदलला तो फक्त उतार.

तार टॉवरला टांगायची कशी, हा दुसरा प्रश्न. सुरुवातीला तारा चिनीमातीच्या एका मोठ्या खुंटीवर बसवत. दाब वाढला तशी खुंटी मोठी करावी लागे, आणि एका मर्यादेनंतर ती फुटे किंवा तिच्यावरून ठिणगी उडे. १९०७ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड हेवलेट आणि हॅरल्ड बक यांनी चिनीमातीच्या चकत्या एकाखाली एक अडकवून साखळी करण्याची पद्धत काढली. पाहिजे तेवढ्या चकत्या वाढवा, दाब वाढवा. लाख व्होल्टच्या लाइनी त्यामुळेच शक्य झाल्या. पण या साखळीतही विभव समान हप्त्यांत उतरत नाही. प्रत्येक चकतीच्या धातूच्या टोपीतून थोडा प्रवाह टॉवरकडे निसटतो, म्हणून तारेलगतच्या चकतीवर तिच्या वाट्याच्या दीड-दोन पट ताण येतो आणि टॉवरजवळच्या चकतीवर तिच्या वाट्यापेक्षा बराच कमी. आठ चकत्या म्हणून दाब भागिले आठ, हा हिशेब इथेही फसतो. उपाय म्हणून जास्त दाबाच्या लाइनींवर साखळीच्या खालच्या टोकाला धातूचे कडे बसवतात. त्यामुळे विभवाचा उतार साखळीभर थोडा सारखा होतो.

वर्गातली गफलतही नेमकी याच जागी होते. समजा, एका सरळ रेषेवर विभव हा अंतराच्या वर्गाच्या चौपट आहे. तीन मीटरवर तो ३६ व्होल्ट. क्षेत्र विचारले की पुष्कळ मुले ३६ ला ३ ने भागतात आणि १२ लिहितात. खरे उत्तर मीटरला २४ व्होल्ट, तेही उलट दिशेने, कारण त्या बिंदूपाशी विभव अंतराच्या आठपटीच्या दराने वाढतो आहे. भागाकार चालतो तो फक्त उतार सगळीकडे सारखा असेल तेव्हा. दोन समांतर पट्ट्यांमध्ये तसा असतो, म्हणून तिथे सवय लागते आणि पुढे ती नडते. दुसरी गफलत आणखी जुनी : विभव शून्य म्हणजे क्षेत्र शून्य. धन आणि ऋण असे दोन समान भार जवळ ठेवले, तर बरोबर मध्यावर विभव शून्य असतो आणि तरी क्षेत्र चांगले जोरकस असते. उलट भारित पोकळ गोळ्याच्या आत विभव हजारो व्होल्ट असू शकतो, पण तो सगळीकडे सारखा, म्हणून क्षेत्र शून्य. मुळशीच्या जलाशयाचा पृष्ठभागही तसाच : सहाशे मीटर उंचीवर, पण सपाट, त्यावर टाकलेली काडी वारा नसेल तर कुठेच जात नाही.

घाटमाथ्यावर या गणिताची एक बाजू जिवावर बेतणारी आहे. वळवाच्या पावसात किंवा मान्सून येता-जाता या भागात विजा पडतात. वीज झाडावर पडली की प्रवाह खोडातून जमिनीत शिरतो आणि चहूकडे पसरतो. जमिनीवरचा विभव त्या जागी प्रचंड असतो आणि दूर जावे तसा घटत जातो. एक ढोबळ हिशेब असा : प्रवाह वीस हजार अँपिअर आणि जमिनीची रोधकता शंभर ओहम-मीटर धरली, तर दहा मीटरवर जमिनीचा विभव सुमारे ३२ हजार व्होल्ट येतो आणि तिथला उतार मीटरमागे तीन हजार व्होल्टच्या आसपास. पाय जुळवून बसलेल्या माणसाच्या दोन पावलांत अंतर पंधरा सेंटिमीटर धरले, तर त्याच्या वाट्याला चारशे-पाचशे व्होल्ट येतात, तेही सेकंदाच्या अगदी छोट्या भागासाठी. झाडाकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर असते. तिच्या अंगातून जाणाऱ्या प्रवाहामागे चार हजारांहून जास्त व्होल्ट असतात, आणि वाट थेट काळजावरून जाते. झाडाखाली उभी असलेली जनावरे एका विजेत मरतात आणि जवळचा गुराखी कधीकधी वाचतो, त्यामागे हेच कारण असते. गाय जर झाडाकडे तोंड न करता आडवी उभी असेल, चारही पाय साधारण एकाच समविभव रेषेवर असतील, तर तिला धोका कितीतरी कमी. विजेच्या वेळी झाडापासून दूर जा, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे झोपू नका, तुटून पडलेल्या तारेपासून दूर जाताना लांब टांगा टाकू नका, या सूचनांमागे विभवावरून क्षेत्र काढण्याचेच गणित आहे. उच्च दाबाच्या तारेवर निवांत बसलेला पक्षी त्याच नियमाने सुरक्षित असतो. त्याचे दोन्ही पाय जवळजवळ एकाच विभवावर असतात.

मुळशीच्या पाण्यावरचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी पश्चिमेला किती वळवायचे, यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने मर्यादा घातल्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवड वाढत गेले, हिंजवडीसारख्या वसाहती मुळशी तालुक्यातच उभ्या राहिल्या, आणि धरणातले पाणी वीज करून कोकणात सोडण्यापेक्षा पूर्वेकडे पिण्यासाठी आणि शेतीसाठी द्यावे ही मागणी जोर धरत गेली. पश्चिमेच्या बाजूलाही आता हक्कदार आहेत. भिऱ्याहून सुटलेले पाणी कुंडलिकेतून रोहा-कोलाडच्या शेतीला, कारखान्यांना आणि पाणीयोजनांना मिळते. कोलाडचे राफ्टिंग तर सकाळी वीजघरातून पाणी सुटण्याच्या वेळेवरच चालते. पूर्वेला वळवलेल्या प्रत्येक घनमीटरमागे सव्वा युनिट वीज दुसरीकडून आणावी लागेल, हा हिशेब १९१९ मध्ये होता तसाच आजही आहे.

बदलले ते विजेच्या मागणीचे वेळापत्रक. दिवसाच्या एका वेळी वीज भरपूर आणि दुसऱ्या वेळी तुटवडा, अशी स्थिती आल्यावर घाटाच्या उताराचा वापर उलट्या दिशेनेही होऊ लागला. भिऱ्याच्या मूळ वीजघराची क्षमता १५० मेगावॉट. त्याच्या जोडीला १९९० च्या दशकात तेवढ्याच क्षमतेचा पंप्ड स्टोरेज संच बसवण्यात आला : वीज स्वस्त असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे, महाग असेल तेव्हा खाली सोडायचे. पाणी बोगद्यातून चढवा किंवा दुसऱ्या कुठल्याही वाटेने, दोन पातळ्यांमधला फरक तोच, म्हणून घनमीटरमागे किमान १.३६ युनिटे लागतातच. वरची गळती वेगळी. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी अशाच दोन मोठ्या प्रकल्पांचा करार केला : शिरवट्याला १,८०० मेगावॉट आणि भिवपुरीला १,००० मेगावॉट. दोन्ही जागा त्याच घाटरांगेतल्या आहेत, आणि त्यांची निवडही वर-खालच्या पातळ्यांत किती मीटरचा फरक आहे आणि तो किती कमी अंतरात मिळतो, हे पाहूनच होते.